माळ्यावरून उतरलेली आगगाडी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पत्र्याच्या, चावीच्या आणि विजेच्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्यांविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी गाडीबरोबरच ती ज्यांनी आणली, मांडली किंवा दुरुस्त केली त्या माणसांविषयीही मनापासून लिहिले आहे. तो सारा मजकूर जागेअभावी छापता आला नसला, तरी उत्तरे लिहिताना तो समोर होता.

प्रश्न : आजोबांच्या पश्चात माळ्यावर एका लाकडी पेटीत पत्र्याचे रूळ, एक जड काळे इंजिन, चार डबे आणि एक ट्रान्सफॉर्मर सापडला. ही गाडी निदान चाळीस वर्षे चाललेली नाही. ती पुन्हा चालवावी असे फार वाटते, पण सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : अशी पेटी उघडली की ट्रान्सफॉर्मर जोडून इंजिन चालते का ते पाहण्याचा मोह अनावर होतो, परंतु ते काम सर्वांत शेवटी करायचे आहे. त्या काळच्या वायरींवर रबराचे किंवा कापडाचे आवरण असे. इतक्या वर्षांत ते वाळून तडकते आणि वायर वाकवताच त्याचे तुकडे हातात येतात. शिवाय ट्रान्सफॉर्मरवरच्या पट्टीवर त्याला किती व्होल्टचा पुरवठा लागतो ते लिहिलेले असते. ते आधी वाचावे, कारण अमेरिकेतील विक्रीसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर ११० ते १२० व्होल्टचे असतात आणि २३० व्होल्टच्या प्लगला लावल्यास जळून जातात. जाणकार वीजतंत्र्याने तपासून दिल्याशिवाय जुना ट्रान्सफॉर्मर वापरू नये. मनात जराही शंका असेल, तर तो कपाटात जपून ठेवावा आणि गाडीला लागतो तेवढ्याच व्होल्टचा नवा घ्यावा. त्याने गाडीचे जुनेपण यत्किंचितही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा प्रवाह लागतो की डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, हे ठरवणे. लायोनेल (अमेरिका) आणि मर्कलिन (जर्मनी) या खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांची जुनी विजेची इंजिने एसीवर चालत, तर इंग्लंडच्या हॉर्नबी डब्लो गाड्यांच्या इंजिनांत स्थायी चुंबक असल्यामुळे त्यांना १२ व्होल्टचा डीसी लागतो. अशा इंजिनाला एसी दिल्यास ते जागच्या जागी थरथरते आणि आतली गुंडाळी तापू लागते. मधला तिसरा रूळ दिसला म्हणजे एसीच असणार असे अनेकजण धरून चालतात आणि तिथेच फसतात, कारण १९३८ साली बाजारात आलेल्या हॉर्नबी डब्लोला तिसरा रूळही होता आणि प्रवाह मात्र डीसी होता.

आता इंजिन उलटे करून मऊ कापडावर ठेवावे आणि चाके हाताने हळू फिरवून पाहावीत. ती फिरत नसतील तर जोर लावू नये. बहुतेक वेळा मोडतोड झालेली नसते, तर जुने तेल सुकून त्याचा डिंक झालेला असतो. कापसाच्या काडीवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन आसांच्या टोकांशी आणि दातेरी चक्रांच्या दातांमध्ये साचलेला तो तपकिरी थर धीराने काढावा. नंतर प्रत्येक आसाला सुईच्या टोकावर मावेल एवढाच हलक्या तेलाचा थेंब द्यावा आणि दातेरी चक्रांना किंचित ग्रीस लावावे. मोटरच्या तांब्याच्या गोलावर, म्हणजे जिथे कार्बनचे ब्रश टेकतात त्या जागी, तेल चुकूनही लावू नये. तो भाग स्वच्छ आणि कोरडाच हवा. रुळांची वरची कडही अल्कोहोलच्या कापडाने पुसावी. त्यासाठी घासणीची लोखंडी लोकर वापरू नये, कारण तिचे बारीक तंतू सुटून मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि आतल्या आत विजेचा मार्ग जोडून टाकतात.

हे करताना जस्ताच्या ओतीव भागांकडे नीट पाहावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बऱ्याच गाड्यांच्या ओतकामातील जस्तात शिशासारखी अशुद्धी राहून गेली होती, आणि अशा भागांना वर्षानुवर्षांनी आतून भेगा पडतात, चाके फुगतात, कडा भुगा होऊन गळतात. यावर इलाज नाही, मात्र हा रोग शेजारच्या डब्याला लागत नाही. कोरड्या आणि फार तापमानबदल नसलेल्या जागी ठेवल्यास त्याची गती कमी होते. अशी चाके बदलून घ्यावीत आणि मूळ चाके एका पाकिटात जपावीत.

एवढे झाले की उलट्या इंजिनाला दोन वायरी क्षणभर टेकवून पाहाव्यात. माझ्या हाती आलेले पहिले जुने इंजिन मी तीन संध्याकाळी असेच स्वच्छ करीत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी वायर टेकवताच मागचे मोठे चाक पाव फेरा फिरून थांबले, पुन्हा टेकवली तेव्हा अर्धा फेरा फिरले, आणि मग एकाएकी सगळ्या चाकांनी वेग घेतला, जुन्या तेलाचा गरम वास खोलीभर पसरला आणि पुढचा दिवा मिणमिणत लागला. हे लिहितानाही तो वास मला आठवतो आहे. आपल्यालाही तो अनुभव यावा, म्हणूनच ही सगळी घाई टाळायला सांगतो आहे.

प्रश्न : खऱ्या आगगाडीला दोनच रूळ असतात. खेळण्यातल्या गाडीला तिसरा का दिला? मुले नेहमी विचारतात.

उत्तर : वीज जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. तीन रुळांच्या गाडीत मधल्या रुळातून वीज येते, इंजिनाच्या पोटाखालची सरकपट्टी किंवा छोटे चाक ती उचलते, आणि बाहेरचे दोन्ही रूळ मिळून तिला परत नेतात. दोन रुळांच्या गाडीत एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून जाते, त्यामुळे डाव्या-उजव्या चाकांचा एकमेकांशी विजेचा संबंध येऊ द्यायचा नसतो. दिसायला ती अधिक खरी वाटते, पण गाडीला वळसा घालून त्याच मार्गावर उलट दिशेने परत आणायचे म्हटले, की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होते. तीन रुळांना ही अडचणच नाही, कारण मधला रूळ वळसा घेऊन मधल्यालाच मिळतो. लहान मुलाने रूळ कसेही जोडले तरी गाडी चालावी, हा या रचनेचा मोठा गुण आहे. मर्कलिनने पुढे तिसरा सलग रूळ काढून त्याजागी स्लीपरांमधून डोकावणारे बारीक धातूचे ठिपके दिले, म्हणजे सोय राहिली आणि देखावाही सुधारला.

प्रश्न : गाडी जवळ आली की फाटक आपोआप पडावे आणि गाडी गेली की उठावे, असे काही घरी करता येईल का? इलेक्ट्रॉनिक्स मला येत नाही.

उत्तर : या प्रश्नाचा मला फार आनंद झाला, कारण जुन्या तीन रुळांच्या गाडीत ही करामत एकाही इलेक्ट्रॉनिक भागाशिवाय होते. लायोनेलने १९३५ साली एक छोटी चौकी बाजारात आणली होती. गाडी आली की तिचे दार उघडून फाटकवाला कंदील घेऊन बाहेर येई आणि गाडी गेल्यावर आत जाई. असल्या खेळण्यांमागे वापरता येणारी जी युक्ती आहे, ती आपण स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करू शकता.

बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या परतीची एकच वाट आहेत, हे वर सांगितले. त्यांपैकी एक रूळ थोड्या अंतरापुरता बाकीच्यांपासून तोडायचा. पत्र्याच्या रुळाचा एक तुकडा घ्या आणि तो उलटा करा. रूळ जिथे धातूच्या स्लीपरला धरलेला असतो, तिथे स्लीपरच्या पत्र्याच्या लहान जिभा दुमडलेल्या दिसतील. मधल्या रुळाखाली कागदाची किंवा फायबरची पट्टी आधीच घातलेली असते. आपल्याला तेच बाहेरच्या एका रुळाला करायचे आहे. बारीक पक्कडीने त्या जिभा फक्त उभ्या करा, मागेपुढे वाकवत राहू नका, नाहीतर त्या तुटतात. रूळ उचलून त्याखाली जाड, टणक पुठ्ठ्याची पट्टी दोन्ही बाजूंना थोडी वर येईल अशी बसवा आणि जिभा पुन्हा दाबून मिटवा. मग त्या रुळाच्या दोन्ही टोकांना असलेल्या लोखंडी खुंट्या काढून त्याजागी लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्या घाला. दात कोरण्याच्या काडीचे तासलेले टोकही चालते.

आता हा रूळ एकटा पडला. त्याला एक वायर जोडा, ती एका लहान बल्बला न्या, आणि बल्बची दुसरी वायर ट्रान्सफॉर्मरच्या उपकरणांसाठी असलेल्या स्क्रूला लावा. गाडी त्या तुकड्यावर आली की डब्याचे धातूचे चाक, धातूचा आस आणि पलीकडचे चाक मिळून दोन्ही बाहेरच्या रुळांमध्ये पूल बांधतात आणि बल्ब पेटतो. शेवटचे चाक उतरताच तो विझतो. गाडीच येथे स्विचचे काम करते. बल्ब मधेच लुकलुकत असेल, तर तोडलेला भाग दोन चाकांमधल्या मोठ्यात मोठ्या अंतरापेक्षा लांब करा. डब्यांची चाके प्लॅस्टिकची असतील तर मात्र हा पूल बांधला जाणार नाही.

बल्ब नीट पेटू लागल्यावरच फाटकाकडे वळावे. फाटकाचा दांडा बांबूच्या काडीचा करा. त्याला लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि टाचणीवर तो हलका झुलू द्या. मागच्या आखूड टोकाला लोखंडी वॉशर चिकटवून दांडा आपण होऊन उभा राहील इतकेच वजन द्या. टेबलाखाली विजेची गुंडाळी बसवा, तिच्या आतल्या लोखंडी खिळ्याला दोरा बांधा आणि तो दोरा टेबलाला पाडलेल्या छिद्रातून दांड्याच्या पुढच्या बाजूला, टाचणीच्या अगदी जवळ, बांधा. टाचणीपासून दोरा जितका जवळ, तितका दांड्याच्या टोकाचा प्रवास जास्त. म्हणून अर्धा-अर्धा सेंटीमीटर सरकवत पाहावे लागते. गुंडाळी घेताना ती सतत प्रवाह सोसणारी आहे ना, एवढे विचारून घ्यावे, कारण सांधे बदलण्यासाठीच्या काही गुंडाळ्या क्षणभराच्या प्रवाहासाठीच केलेल्या असतात आणि गाडी फाटकावर थांबली तर त्या जळतात. एसीवर गुंडाळी गुणगुणते. तिच्याखाली नमद्याचा तुकडा ठेवला की आवाज बराच कमी होतो. ट्रान्सफॉर्मरनंतर फ्यूज अवश्य घालावा.

प्रश्न : डोंगर, बोगदे, झाडे आता तयार मिळतात. ती घरी करण्यात काही अर्थ आहे का, आणि असल्यास चांगली दिसतील अशी कशी करावीत?

उत्तर : माझ्या मते अर्थ आहे, आणि तो पैशांच्या बचतीपेक्षा वेगळा आहे. जुनी खेळण्यातली गाडी मुळातच हुबेहूब नसते. तिचे रूळ जाड, वळणे अशक्य वाटावीत इतकी तीव्र, डबे आखूड आणि रंग भडक असतात. तिच्याभोवती कारखान्यात छापलेले अचूक निसर्गदृश्य ठेवले की ती तिथे परकी वाटू लागते, उलट हातच्या डोंगराजवळ आणि भुशाच्या गवतात ती शोभून दिसते.

डोंगरासाठी पुठ्ठ्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापून त्यांची टोपलीसारखी सैल वीण करावी आणि हवा तसा उंचवटा द्यावा. त्यावर वर्तमानपत्राच्या फाडलेल्या, कापलेल्या नव्हे, पट्ट्या खळीत भिजवून तीन-चार थर द्यावेत. फाडलेली कड एकमेकींत मिसळते, कापलेली कड रंगाखालूनही दिसत राहते. खळ पिठाची असेल तर कीड आणि बुरशी लागू नये म्हणून बुकबाइंडर लोक तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात, तसे करता येते. पण मोरचूद विषारी असल्याने लहान मुले सोबत काम करीत असतील तर पांढरा गोंद पाणी घालून वापरणे बरे. थर पूर्ण सुकल्यावर वर प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा पातळ हात द्यावा आणि तो ओला असतानाच जुन्या टूथब्रशने उतरत्या दिशेने ओरखडे काढावेत. रंग देताना सगळीकडे एकच तपकिरी रंग लावू नये. आधी पाण्यासारखा पातळ काळसर रंग ओतून तो भेगांमध्ये उतरू द्यावा आणि तो सुकल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग उंच कडांवरून ओढावा. दगड तिथल्या तिथे उठून येतो.

गवतासाठी लाकडाचा भुसा चाळून घ्यावा, हिरव्या रंगाच्या दोन-तीन छटांत वेगवेगळा भिजवून वाळवावा आणि ओल्या रंगावर मिसळून शिंपडावा. एकाच छटेचे गवत टेबलावर अंथरलेल्या कापडासारखे दिसते. झाडाचे खोड बारीक तांब्याच्या तारांचा जुडगा पिळून उत्तम होते: खाली पीळ घट्ट, वर दोन-दोन तारा सोडत जायचे, म्हणजे फांद्या आपोआप बारीक होत जातात. फेसाचा स्पंज किसून, रंगवून त्या फांद्यांवर चिकटवावा.

बोगद्याबाबत एक सावधगिरी सांगतो. वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत झुकतो आणि दोन्ही टोके बाहेर जातात, म्हणून सरळ मार्गावर मापलेला बोगदा वळणावर अपुरा पडतो. सर्वांत लांब डब्याच्या मध्यावर आणि टोकाला पेन्सिल बांधून तो हाताने वळणावरून फिरवावा. टेबलावर ज्या दोन रेघा उमटतील त्यांच्या बाहेर भिंत ठेवली की डबा कधी घासणार नाही. बोगद्याच्या मागच्या बाजूला हात जाईल एवढी खिडकी ठेवायला विसरू नये, कारण गाडी घसरायची असेल तर ती नेमकी आतच घसरते.

दोन रुळांच्या नव्या मांडणीत रुळांमध्ये बारीक वाळू घालून ती पातळ गोंदाने पक्की करण्याची पद्धत आहे. पत्र्याच्या जुन्या रुळांना ती मुळीच वापरू नये. गोंदातले पाणी पत्र्याच्या पोटात शिरते आणि रूळ आतून गंजतो. त्यापेक्षा रुळांखाली राखाडी रंगाची पट्टी रंगवावी.

आणखी एक युक्ती मांडणीच्या मागच्या बाजूसाठी आहे. घरे पुढे मोठी आणि मागे लहान प्रमाणाची ठेवली की खोलीची भिंत दूर सरकल्यासारखी वाटते. ओ गेजच्या, म्हणजे मोठ्या मापाच्या, गाडीमागे, डोंगराच्या पायथ्याशी, जवळपास निम्म्या मापाच्या एचओ प्रमाणाची चार घरे ठेवून पाहावीत आणि त्यांच्या खिडक्यांना आतून बटर पेपर लावून एक छोटा दिवा ठेवावा. खोलीतला दिवा मालवल्यावर ती चार घरे दूरच्या गावासारखी दिसतात.

प्रश्न : जागा फार कमी आहे. लहान गेजची गाडी घ्यावी का?

उत्तर : घ्यायला हरकत नाही, पण गेज लहान म्हणजे जागा कमी असे सरळ गणित नाही. ओ गेजच्या रुळांमधील अंतर ३२ मिलीमीटर आणि एचओचे १६.५ मिलीमीटर, एचओ या नावाचा अर्थच ‘हाफ ओ’, म्हणजे अर्धा ओ, असा आहे. तरीही लायोनेलच्या ओ-२७ रुळांचे पूर्ण वर्तुळ २७ इंच व्यासाचे असते, तर एचओच्या १८ इंच त्रिज्येच्या नेहमीच्या वळणाला ३६ इंचांहून अधिक रुंदी लागते. जुन्या खेळण्यांच्या कारखानदारांनी घरातली जागा ओळखून वळणे मुद्दाम तीव्र ठेवली होती. अगदीच जागा नसेल तर मर्कलिनने १९७२ साली आणलेला ६.५ मिलीमीटरचा झेड गेज आहे; तो हातपेटीतही मावतो, मात्र घरगुती फेरफारांसाठी तो फारच नाजूक आहे, आणि ज्यांना हाताने काही करायचे आहे त्यांना मी ओ गेजच सुचवीन.

प्रश्न : जुन्या इंजिनातून धूर निघत असे. आता निघत नाही. काय घालावे?

उत्तर : आधी धूरयंत्र कोणत्या पद्धतीचे आहे ते पाहावे. लायोनेलने १९४६ साली धूर आणला तेव्हा तो गोळी तापवून निघे. हल्लीचे यंत्र तेलावर चालते. गोळीच्या यंत्रात तेल ओतल्याने काम होत नाही, त्याचे आधी रूपांतर करावे लागते. काही जुन्या धूरयंत्रांत ॲस्बेस्टॉस वापरलेले असल्यामुळे ते घरी उघडू नये.

प्रश्न : माझ्याकडील पत्र्याच्या डब्यांचा रंग ठिकठिकाणी उडाला आहे. ते नव्याने रंगवावेत की तसेच ठेवावेत? घरात दोन मते आहेत.

उत्तर : दोन्ही मतांना आधार आहे, तरी माझा कौल डब्यागणिक बदलतो. ज्या डब्यावर कारखान्यातला छापील पत्रा आहे, म्हणजे खिडक्या, खिळे, अक्षरे सगळे पत्र्यावर छापलेले आहे, तो कधीही रंगवू नये. ते छापकाम एकदा गेले की कोणत्याही ब्रशने परत येत नाही. तो कोमट पाणी आणि सौम्य साबणाच्या ओलसर कापडाने, आधी तळाशी एका कोपऱ्यात करून पाहून, पुसावा. अल्कोहोलने छापील रंग आणि चिकटवलेली अक्षरे निघू शकतात. गंजाच्या जागी हलके तेल लावून पुसले की गंज पुढे सरकत नाही.

ज्या डब्याचा एकरंगी मुलामा निम्म्याहून अधिक गेला आहे आणि जो फारसा दुर्मिळ नाही, तो खुशाल रंगवावा आणि आनंदाने चालवावा. दुर्मिळतेचा अंदाज मात्र दिसण्यावरून करू नये. लायोनेलने १९५७ साली मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिन आणि फिकट रंगांचे डबे असलेला संच काढला. तो विकला गेला नाही, आणि न विकला गेल्यामुळेच आज संग्राहक त्याच्या शोधात असतात. एखाद्याने तो विचित्र रंग नकोसा वाटून काळा केला असेल, तर त्याने काय गमावले ते सांगायला नको. म्हणून रंगवण्यापूर्वी तळाचा क्रमांक पाहावा, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि खात्री करून घ्यावी. जुना रंग कोरडा घासून काढू नये. त्या काळच्या रंगांत शिसे असे, आणि त्याची धूळ मुलांना फार घातक आहे.

प्रश्न : सासऱ्यांनी तीस वर्षे मांडलेली गाडी घर बदलताना काढावी लागणार आहे. ती पुन्हा तशीच उभी राहील का?

उत्तर : पूर्णपणे तशीच राहणार नाही, हे आधी मनाशी स्वीकारावे; टेबलाला चिकटलेला डोंगर बहुधा मोडतो. पण रूळ, सांधे, वायरी आणि घरे वाचवता येतात. काहीही सोडवण्यापूर्वी वरून आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. टेबलाखाली आडवे होऊन वायरींचीही घ्यावीत आणि प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली चिकटपट्टी लावावी. रूळ उपटू नयेत. जोडावर दोन्ही हात ठेवून सरळ रेषेत ओढावेत, वाकवत काढल्यास खुंट्या सैल होतात. चालत्या गाडीचे चित्रीकरणही करावे, आणि शक्य असेल तर सासऱ्यांनाच कळ फिरवायला सांगावे.

कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी येथे जॉन ॲलन यांनी घरच्या घरी उभारलेला ‘गोरी अँड डिफीटेड’ हा एचओ प्रमाणातील छोट्या आगगाडीचा मार्ग या छंदातील लोकांना आजही तोंडपाठ आहे. १९७३च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत घराला लागलेल्या आगीत तो बहुतांश नष्ट झाला. आज आपण त्याचे पूल आणि कडे पाहू शकतो ते ॲलन स्वतः उत्तम छायाचित्रकार होते म्हणून.

प्रश्न : वडिलांनी माझ्या लहानपणी बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्यातून एक उघडी वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, बनवली होती. आतल्या बाजूला अजूनही बिस्किटांची छापील चित्रे दिसतात. ती जरा डुगडुगते आणि वळणावर घसरते. एका संग्राहक मित्राच्या मते मूळ संचात ती ठेवल्याने संचाचे मोल कमी होते. तिचे काय करावे?

उत्तर : ती ठेवावी, दुरुस्त करावी आणि चालवावी. मित्रांचे म्हणणे विक्रीच्या दृष्टीने बरोबर असेल, परंतु आपण विकण्याविषयी विचारलेले नाही. या खेळण्यांचा इतिहासच घरच्या कारागिरीने भरलेला आहे. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ साली पेटंट घेतलेला, पुढे मेकॅनो म्हणून प्रसिद्ध झालेला भोके पाडलेल्या पट्ट्यांचा खेळ त्यांनी आपल्या मुलांसाठी घरी बनवलेल्या पट्ट्यांतून जन्मला, आणि त्यांच्या कारखान्याच्या आगगाड्या १९२० साली त्याच कल्पनेच्या पाठीवर आल्या. कारखान्यातून हजारोंनी निघालेल्या वाघिणी अजूनही शोधल्यास मिळतात. आपल्या वडिलांनी कातरीने कापून, कडा दुमडून, डाख देऊन केलेली वाघीण ही एकच आहे, आणि तिच्यामुळे हा संच दुसऱ्या कोणाच्याही संचापेक्षा वेगळा ओळखू येतो.

दुरुस्ती करताना त्यांच्या हाताच्या खुणा पुसल्या जाणार नाहीत इतकेच पाहावे. जुना डाख कानशीने सपाट करू नये, बाहेरचा रंग उजळवू नये. घसरण्याची कारणे बहुधा दोनच असतात. पहिले म्हणजे चाके आसावर सरकलेली असतात. कारखान्याच्या डब्याची दोन चाके आतल्या बाजूंनी एकमेकांपासून किती अंतरावर आहेत ते मोजून तेवढेच अंतर इथे ठेवावे आणि चाक डुगडुगू नये म्हणून आसाला पातळ वॉशर घालावे. दुसरे म्हणजे वाघीण फार हलकी असते. तिच्या तळाखाली, आसांच्या मध्ये, दोन-तीन लोखंडी वॉशर कायमचे न चिकटवता तारेने बांधावेत. वजन जितके खाली, तितकी ती रुळावर शांत बसते. डबे जोडणारा आकडा शेजारच्या डब्याच्या आकड्याच्या उंचीला येतो ना, तेही पाहावे, कारण उंच आकडा ओढ बसताच हलक्या डब्याला उचलतो.

वडिलांचे नाव आणि वाघीण केल्याचे साल एका कागदावर लिहून तो तळाच्या दुमडीत सरकवून ठेवावा. गाडी जोडताना तिला इंजिनाजवळ लावू नये, कारण मागच्या जड डब्यांची ओढ हलक्या वाघिणीला वळणाच्या आतल्या बाजूला पाडते. ती शेवटून दुसरी, गार्डाच्या डब्याच्या पुढे, जोडावी. तिथे ती रुळावरून उतरणार नाही, आणि टेबलाशी बसलेल्या मुलाच्या नजरेसमोरून वळण घेताना तिच्या आतली बिस्किटांची चित्रे त्याला दर फेरीला दिसतील.